विमानाच्या पोटांतील तारा

आमच्या विमानाच्या पोटांत तेवीस तारा आहेत. बॅटरीच्या पाठीवर ज्या चार बारीक तारा असतात त्या यांत धरलेल्या नाहींत, कारण त्यांचें काम बॅटरी भरतांना. उड्डाणाच्या वेळीं त्या स्वस्थ पडून असतात. विमान म्हटलें कीं लोकांच्या डोळ्यांपुढें पंख येतात, व तें साहजिकच आहे. पण ज्यानें एकदां तरी असलें विमान स्वतः जुळविलें आहे, त्याच्या स्मरणांत पंखांहून या तेवीस ताराच अधिक राहतात. पंख दोन दुपारींत कापून चिकटवून तयार झाले. तारांना मात्र आम्हां चौघांचे पुरे तीन आठवडे गेले, आणि त्या तीन आठवड्यांत जें पाहिलें व शिकलों तेंच येथें सांगण्याचा विचार आहे. वाचकांपैकीं ज्यांना विजेचें वावडें असेल त्यांनीं भिऊं नये. आमच्या चौघांपैकीं तिघांना तें होतेंच.

विमान कांहीं फार मोठें नव्हे. पंखांची लांबी या टोंकापासून त्या टोंकापर्यंत १२० सेंटिमीटर, अंग हलक्या फोमचें, वजन बॅटरीसकट सुमारें ९०० ग्रॅम. त्यांत माणूस बसत नाहीं. माणूस जमिनीवर उभा राहून हातांतील पेटीच्या दोन दांड्या हलवितो, आणि त्याची आज्ञा बिनतारी लहरींवरून विमानास पोंचते. ही कल्पना आजची नाहीं. निकोला टेस्ला यानें १८९८ सालीं न्यूयॉर्क येथील मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्यें एक लहान नाव अशीच दुरून चालवून दाखविली होती. पुढें १९३७ च्या सुमारास वॉल्टर व विल्यम गुड या अमेरिकन जुळ्या भावांनीं बिनतारी विमान उडविलें. 'गफ' नांवाचें त्यांचें तें विमान वॉशिंग्टनच्या हवाई व अवकाश संग्रहालयानें जपून ठेवलें आहे. पण तें पेट्रोलच्या इंजिनाचें. विजेच्या मोटरीवर चालणारें 'रेडिओ क्वीन' हें विमान इंग्लंडांत कर्नल टॅप्लिन यांनीं १९५७ च्या जूनमध्यें उडविलें. त्यानंतर हें काम बराच काळ रेंगाळलें. मोटर जड, बॅटरी तिच्याहून जड, आणि दोहोंना उचलणार कोण? लिथियमच्या हलक्या बॅटऱ्या व ब्रश नसलेल्या मोटरी या शतकांत स्वस्त झाल्या, तेव्हां कोठें ही गोष्ट शाळेंतील मुलांच्या आटोक्यांत आली.

आमच्या चौघांतील चौथ्याविषयीं येथें दोन शब्द सांगितले पाहिजेत. त्याच्या वडिलांचें बाजारपेठेंत मोटरी रिवाइंडिंग करण्याचें दुकान आहे. विहिरीवरील पंप, पिठाच्या गिरणीच्या मोटरी, घरगुती पंखे असें जळकें सामान तेथें येतें, व तांब्याची नवी तार गुंडाळून, वॉर्निश पाजून परत जातें. वर्गांत तो मागच्या बांकावरचा. दहावीनंतर त्यानें दुकानांत बसावें हें घरीं ठरल्यासारखेंच होतें. विज्ञानाच्या सरांचें म्हणणें मात्र असें कीं, त्यानें तंत्रनिकेतनांत जाऊन विद्युत्-शाखेची पदविका घ्यावी. याविषयीं त्याच्या वडिलांशीं बोलण्याची संधि सर शोधीत होते. परंतु मुलाचें नांव घालण्यास आले होते तेवढेच, त्यानंतर ते गृहस्थ शाळेकडे फिरकलेच नव्हते. स्नेहसंमेलनाच्या दिवशीं मुलाच्या हातचें विमान उडणार असें कळलें म्हणजे तरी येतील, अशी सरांची अटकळ होती, आणि ती आम्हां सर्वांना ठाऊक होती. त्याला तर ती सर्वांहून अधिक ठाऊक होती.

आतां तारांकडे वळूं. विमानांत वीज दोन वाटांनीं फिरते. एक वाट जाड तारांची, ती बळाची. दुसरी बारीक तारांची, ती आज्ञेची.

बळाची वाट बॅटरीपासून निघते. आमची बॅटरी तीन कोठ्यांची, २,२०० मिलिअँपिअर-अवरची. एकेका कोठीचा दाब एरव्हीं ३.७ व्होल्ट धरतात, पूर्ण भरल्यावर तो ४.२ होतो, म्हणजे तिहींचा मिळून १२.६. एवढ्या दाबानें हाताला झटकासुद्धां बसत नाहीं, म्हणून कित्येक जण तिला खेळणें समजतात. तिचा धोका निराळ्या जातीचा आहे. तिच्या आंतला विरोध इतका अल्प कीं, तिचीं दोन टोंकें चुकून एकमेकांस लागलीं तर क्षणार्धांत शंभराहून अधिक अँपिअरचा लोंढा वाहतो, तारेचें टोंक वितळतें, आणि बॅटरी फुगून पेटूंहि शकते. म्हणून तिच्या तारांस नवा जोड बसवितांना दोन्ही तारा एकदम कधींहि कापूं नयेत. एक कापावी, जोडावी, झांकावी, आणि मगच दुसरीला हात लावावा. तसेंच बॅटरीच्या वाट्याला नेहमीं खांचेचा जोड द्यावा, खिळ्याचा देऊं नये. खिळे उघडे राहिले कीं टेबलावर पडलेला एखादा पेंचकसहि आग लावावयास पुरतो.

बॅटरीपासून दोन तारा गति-नियंत्रकाकडे जातात. हा एका काडेपेटीएवढा तुकडा, पण सर्व कारभार त्याच्याच हातीं. मोटरीला किती बळ द्यावयाचें तें तो ठरवितो, आणि बारा व्होल्टांतून पांच व्होल्ट काढून बाकीच्या बारीक यंत्रांना पोसतो. या दोन तारा आखूड असाव्या. बॅटरी नाकापासून दूर ठेवणें भाग पडलें तर नियंत्रक व मोटर यांच्यामधील तारा लांबवाव्या, बॅटरीकडच्या लांबवूं नयेत. कारण नियंत्रक प्रवाह अखंड सोडीत नाहीं. सेकंदास हजारों वेळां तो तोडतो आणि जोडतो. वाहत्या पाण्याचा नळ एकाएकीं बंद केला म्हणजे भिंतींतला पाइप कसा दणका देतो, तें सर्वांनीं ऐकलें आहे. लांब तारेंतील प्रवाह तोडला म्हणजे दाबाची तशीच उसळी येते, आणि ती नियंत्रकाच्या तोंडाशीं असलेल्या बिचाऱ्या कपॅसिटरांना सोसावी लागते.

नियंत्रकापासून मोटरीकडे तीन तारा. ही मोटर अंगठ्याएवढी, पण तिची रचना पाहण्यासारखी आहे. तांब्याचीं वेटोळीं मध्यें स्थिर असतात, आणि लोहचुंबक चिकटविलेली बाहेरची वाटी फिरते. नियंत्रक एका वेळीं तीनपैकीं दोन तारांत प्रवाह सोडतो. तिसरी त्या क्षणीं रिकामी असते, तिच्यांत फिरत्या चुंबकांनीं उत्पन्न केलेला दाब पाहून वाटी कोठवर आली हें तो ओळखतो, आणि लागलीच पुढची जोडी निवडतो. या तिन्ही तारांना आधीं ठरलेला असा क्रम नसतो. कशाहि जोडल्या तरी मोटर फिरते. प्रश्न एवढाच कीं कोणत्या दिशेनें.

प्रोपेलर न लावतां, दांड्याला कागदाची एक चिंधी चिकटवून, आम्हीं प्रथम मोटर फिरविली. ती उलट फिरली. आम्ही तिघे सूचनापत्रिकेची घडी उलगडीत होतों, तोंच चौथ्यानें बॅटरी सोडविली, तीनपैकीं दोन तारांची अदलाबदल केली आणि पुन्हां जोडली. मोटर सुलट फिरूं लागली. "विहिरीवरचा पंप उलटा फिरला तर बाबा हेंच करतात," असें तो म्हणाला, आणि पुढच्या कामास लागला. शेतावरील थ्री-फेज मोटर ती हीच. फेज बदलून आले कीं पंप उलटा फिरतो व पाणी चढत नाहीं, मग वायरमन येऊन दोन तारा इकडच्या तिकडे करतो. त्या दुकानावरून आम्ही आठवीपासून रोज जातों. तेथें तांब्याच्या गुंडाळ्या करीत बसलेल्या माणसाला ठाऊक असलेली गोष्ट आमच्या पत्रिकेच्या सातव्या पानावर बारीक अक्षरांत छापलेली होती.

डाख देण्याचें काम अर्थातच त्याच्याकडे गेलें. पण पाहून पाहून आम्हांसहि तें थोडें साधूं लागलें. जाड तारेस डाख देणें हें रेडिओच्या बारीक तारेस देण्यासारखें नव्हे. आमच्याजवळची तापवायची कांडी, जिला दुकानांत सोल्डरिंग आयर्न म्हणतात, ती लहान होती. जाड तांबें सर्व उष्णता ओढून घेई, वेष्टण मऊ होई, आणि डाख कांहीं वितळेना. चौथ्यानें घरून जुनी, जाड टोंकाची कांडी आणली, आणि काम एकदम सोपें झालें. कथील व शिसें यांचा ६३ व ३७ या प्रमाणांतील डाख १८३ अंशांवर वितळतो. परंतु तो कांडीवर वितळून चालत नाहीं, तारेवर वितळला पाहिजे. आधीं तारेला कथलाचा हात द्यावयाचा, मग जोडाच्या पेल्याला, आणि शेवटीं दोघांना एकत्र आणून डाख एकजीव होईपर्यंत धरावयाचें. मग हलूं द्यावयाचें नाहीं. गोठतांना तार हलली तर डाख वरून बसल्यासारखा दिसतो, पण त्याचा पृष्ठभाग मळकट व रवाळ होतो; चांगल्या डाखाला चकाकी असते. तापलेल्या जोडाचें प्लॅस्टिक मऊ होऊन खिळे वांकडे होऊं नयेत म्हणून त्यांत दुसरा जोड आधींच घालून ठेवावा, ही युक्ति त्यानें कोठें शिकली कोण जाणे. उष्णतेनें आंकसणारी नळी तारेंत आधीं ओंवून ठेवावी हें तर प्रत्येक पुस्तकांत लिहिलेलें असतें, आणि प्रत्येक नवशिका तें वाचूनहि विसरतो असें म्हणतात. राळेचा धूर फार होतो, खिडकी उघडी ठेवावी. डाखांत शिसें असतें, जेवणापूर्वीं हात साबणानें धुवावे. सरांनीं यासाठीं वर्गांतली बादलीच आमच्या टेबलाखालीं आणून ठेवली होती.

आज्ञेची वाट बारीक, पण अक्कल सगळी तिच्यांत. रिसीव्हर म्हणजे बिनतारी आज्ञा घेणारी एक लहान पेटी. तिला नियंत्रकाकडून तीन तारा येतात, आणि तिच्यापासून सर्व्हो नांवाच्या लहान यंत्रांकडे तीन-तीन तारा जातात. सर्व्हो म्हणजे एक चिमुकली मोटर, दांतेरी चाकें व एक फिरती भुजा. ती भुजा सळईनें शेंपटाचें किंवा पंखाचें फडकें ओढते. आमचे सर्व्हो चार: शेंपटांत दोन, पंखांत दोन. पंखांतले दोघे एकमेकांच्या प्रतिबिंबासारखे बसविले कीं एकाच आज्ञेनें एका पंखाचें फडकें वर व दुसऱ्याचें खालीं जातें. म्हणून त्यांच्या तारा दुबेळक्यासारख्या जोडानें एकत्र आणून रिसीव्हरच्या एकाच खांचेंत घातल्या. तीन तारांपैकीं तपकिरी किंवा काळी ती ऋण, तांबडी धन, आणि नारिंगी, पिवळी किंवा पांढरी जी असेल ती आज्ञेची. तांबडी मध्यें ठेवण्यांत मोठें शहाणपण आहे. जोड उलटा बसला तरी धन जागच्या जागींच राहतें. यंत्र हलत नाहीं इतकेंच, जळत नाहीं.

आज्ञा तरी काय असते? तारेंतून दर सेकंदास ५० वेळां विजेचा एक लहानसा ठोका जातो. ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या दीडपट टिकला तर भुजा मध्यावर, एकपट टिकला तर एका टोंकाला, दुप्पट टिकला तर दुसऱ्या टोंकाला. बस्स, एवढीच भाषा. दाब किती, प्रवाह किती, याला तेथें महत्त्व नाहीं. ठोका किती वेळ टिकला यालाच आहे. आम्हांला या सर्व खटाटोपांत ही गोष्ट सर्वांत अधिक आवडली.

हल्लींचीं हीं यंत्रें २.४ गिगाहर्ट्झच्या लहरींवर चालतात. पूर्वीं प्रत्येकाला ठराविक लहरीची स्फटिकाची खुंटी घ्यावी लागे, आणि एकाच लहरीवर दोघांनीं पेटी चालू केली कीं एकाचें विमान खालीं. आतां पेटी व रिसीव्हर यांची एकदां ओळख करून दिली म्हणजे ते दुसऱ्याचें ऐकत नाहींत. लहर सुमारें साडेबारा सेंटिमीटरांची, म्हणून रिसीव्हरच्या एरिअलचें उघडें टोंक तिच्या चौथ्या हिश्शाएवढें, सुमारें ३१ मिलिमीटर, असतें. आमच्या रिसीव्हरला अशीं दोन टोंकें आहेत. तीं एकमेकांशीं काटकोनांत व जाड तारांपासून दूर चिकटविलीं. आणि पेटीची लहर तुटली तर मोटर आपोआप बंद व्हावी, अशीहि व्यवस्था करून ठेवली. ही व्यवस्था केल्यावांचून कोणीहि विमान मैदानावर नेऊं नये.

आपल्या सरकारच्या २०२१ च्या ड्रोन-नियमांत आकाशाचे हिरवे, पिवळे व तांबडे असे विभाग पाडलेले आहेत. आपलें मैदान कोणत्या विभागांत येतें तें सरांनीं आधीं पाहून ठेवलें होतें. स्नेहसंमेलनाच्या दिवशीं चार वाजतां दोरी बांधली, लहान मुलांना दोरीमागें बसविलें, पाहुणे खुर्च्यांवर आले. चौथ्याचे वडील दुकानाच्या कपड्यांवरच, खुर्च्या सोडून, कडुनिंबाखालीं उभे होते. सरांनीं त्यांना पाहिलें. आम्हींहि पाहिलें.

उडविण्यापूर्वीं करावयाच्या तपासण्या ठरलेल्या असतात. प्रथम विमानाच्या मागें उभें राहून दांड्या हलवावयाच्या. उजवीकडे दांडी नेली कीं उजव्या पंखाचें फडकें वर उठलें पाहिजे. हें समोर उभें राहून पाहूं नये. समोरून उजवें-डावें उलटतें, आणि पंखांची आज्ञा उलटी राहिली तर विमान पहिल्याच वळणाला जमिनीवर येतें. मग पेटीची शक्ति मुद्दाम कमी करून तीस पावलें दूर जावयाचें आणि फडकीं हलतात कीं नाहीं तें पाहावयाचें. हें सर्व ठीक झालें. शेवटीं हीच तपासणी मोटर चालू ठेवून. दोघांनीं विमान मागून घट्ट धरलें, चौथा पेटी घेऊन तीस पावलें गेला, मोटर निम्म्या बळावर आली, आणि शेंपटाचें आडवें फडकें थरथरलें. फार नाहीं, थंडीनें ओठ थरथरावा तेवढेंच. मोटर बंद केली कीं थांबे, चालू केली कीं पुन्हां थरथरे.

दोरीमागून मुलांनीं टाळ्या वाजविण्यास सुरुवात केली होती. आमच्यांतील एकानें हळूच म्हटलें कीं, एवढ्यानें काय होतें, दोन फेऱ्या मारून उतरवूं. चौथ्यानें उत्तर दिलें नाहीं. त्यानें बॅटरी काढली, प्रोपेलरची चकती सोडविली, आणि तो सरळ सरांकडे गेला. "सर, आज उडणार नाहीं." सरांनीं विचारलें, "कांहीं बिघडलें आहे अशी खात्री आहे?" तो म्हणाला, "खात्री नाहीं सर, म्हणूनच." सर थोडा वेळ कडुनिंबाकडे पाहत राहिले. मग त्यांनीं ध्वनिक्षेपक हातीं घेऊन विमानाचा कार्यक्रम होणार नाहीं असें जाहीर केलें. मुलांनीं जो ओरडा केला तो येथें लिहीत नाहीं.

पुढें लेझीम सुरू झालें. आम्ही चौघे प्रयोगशाळेंत विमानाचें पोट उघडून बसलों. तिघे बराच वेळ रिसीव्हरला दोष देत होतों. थोड्या वेळानें दारांत चौथ्याचे वडील येऊन उभे राहिले. कोणाशीं कांहीं न बोलतां त्यांनीं मीटर मागितला, त्याची एक सळई शेंपटाकडे जाणाऱ्या जोडतारेच्या या टोंकाला व दुसरी त्या टोंकाला लावली, आणि मुलाला म्हणाले, "हलव." त्यानें तार हलविली. मीटर वाजे, थांबे, पुन्हां वाजे. ती ३० सेंटिमीटरांची जोडतार विकत आणलेली, कारखान्यांत तयार झालेली होती. टोंकावरचें प्लॅस्टिक काढून पाहिलें तों पितळी चिमट्यानें ऋण तारेचें तांबें धरलेंच नव्हतें. त्यानें नुसत्या वेष्टणाला चिमटा घेतला होता, आणि तांब्याचे केस त्याला जेमतेम टेंकून राहिले होते. स्थिर असतां सर्व ठीक. मोटरीची थरथर सुरू झाली कीं स्पर्श सुटे. तें फडकें विमान वर-खालीं नेणारें होतें. आकाशांत तो स्पर्श सुटला असता तर दोरीचा कांहीं उपयोग नव्हता.

"तपासलें कोणी?" असें त्यांनीं विचारलें. आम्हीं मुलाकडे बोट दाखविलें. ते कांहीं बोलले नाहींत. सर तोंपर्यंत आले होते. त्यांनीं त्यांना खुर्ची दिली, चहा मागविला, आणि आम्हां मुलांना लेझीम पाहण्यास बाहेर पाठविलें. आंत काय बोलणें झालें तें आम्हांस ठाऊक नाहीं. पदविकेचा निश्चय अजून झालेला नाहीं. अर्ज मात्र आणलेला आहे, आणि तो दुकानांत गल्ल्याच्या खणांत ठेवलेला आम्हीं पाहिला आहे.

जोडतार चौथ्यानें नवी केली. या खेपेस चिमट्यावर विसंबून न राहतां तांब्यावर डाखाचा एक थेंबहि दिला. पुढच्या रविवारीं सकाळीं सात वाजतां, वारा पडलेला असतांना, आम्ही मैदानावर गेलों. पाहणारे सर, दोन गुराखी मुलें आणि चौथ्याचे वडील. विमान सात मिनिटें वर होतें. उतरल्यावर बॅटरीच्या कोठ्या मोजल्या, तिन्ही ३.७ व्होल्टांच्या वर व एकमेकींच्या बरोबरीनें होत्या. चौथ्याच्या वडिलांनीं खालीं बसून मोटरीवर हाताची उलटी बाजू टेंकविली, क्षणभर तशीच ठेवली, आणि म्हणाले, "गरम नाहीं. चालेल."